चौथा खांदा

बसाले कोणं सांगतलं तुले? — वट्ट्यावर नाई, तिकडे चाकापाशी बस, मातीत. चहा-बिहा भेटणार नाई, आधीच सांगून ठेवून राहिली. चहा पाहुण्याले असते. तू पाहुणा नाईस कुंदन, तू मिस्त्री हायस, अन् मिस्त्री तरी कायचा आता — मूर्तिजापूरच्या नाक्यावरचं गॅरेज बंद केलं अन् तिकडे नांदगाव पेठले कपड्याच्या कारखान्यात मशीनी पुसाले गेला म्हणे. जाशीनच. इथं कोण देईन तुह्या हातात गाडी? साऱ्या गावाले ठाऊक हाय — कुंदननं चाकाचा नट ढिल्ला ठेवला अन् वामनरावची जीप मारोतीच्या चढावरून उलटी नाल्यात गेली, भर पोयाच्या दिवशी, बाशिंग बांधलेली. मान खाली घालून काय होते रे? मान तू वर्षभर खालीच घालून हायस. पान्हे काढ.

अन् एक गोठ नीट आयकून घे, मंग चाकाले हात लाव. नाल्यातून ट्रॅक्टरनं वढून आणली तेव्हापासून ही जीप ह्या टिनाखाली उभी हाय, मी कोणाले बोट लावू नाई देलं. माहा विपुल म्हणे, आई, भंगारात देऊन टाकू, डोयासमोर नको. मी म्हणलं, खबरदार! ती टोपी हाय ना चाकाच्या मधात, वाटीसारखी, तिच्याखाली कुंदनचा नट हाय, अन् तो ढिल्ला हाय, अन् तो माहा पुरावा हाय. परवा मूर्तिजापूरचा एक मिस्त्री आणला होता. त्यानं नुसता बाहेरून हात फिरवला, नाक मुरडलं, म्हणे काकू, ही हब, चाक जिच्यावर बसते ती, दांड्याले धरून बसली, अशी तशी निंघत नाई, ज्यानं बसवली त्यालेच बोलवा. मले पटलं ते. ज्यानं बसवली त्यानंच काढावी, अन् चारचौघात काढावी. भगवंतभाऊजी येऊन राहिले दुपार कलली का — पोलीस पाटील हायेत, अन् माहे चुलत देर बी. दोन-चार माणसं आणतेत सोबत. त्याईच्या समोर तू आपल्या तोंडानं म्हणशीन — वामनकाका, माही चूक झाली. बस. पोलीस-केस नाई पायजे मले, भरपाई नाई पायजे, तेवढं एक वाक्य पायजे. अन् ते म्हणलं का मंग ह्या पाच गावांत पान्हा धराचा नाई, जिंदगीत नाई. तिकडेच पुस मशीनी.

आधी पुढच्या चाकाले गोटा लाव. लावला? बरं. जॅकखाली फई ठेव, माती ओली हाय, काल सांजेचं पाणी पडलं. — हो, मालूम हाय मले, इतकी वर्षं पाहून राहिली, काई मिस्त्रीनच झाली मी. तू काई उपकार नाई करून राहिला. आजच्या दिवशी मले दुसरे कामं नाईत का? उद्या पोया. आज खांदेमयन. घराघरात बैलं धुऊन राहिले लोकं, अन् मी इथं तुह्यावर पहारा देऊन बसली.

तुले तर सारं ठाऊक हाय, आमच्या घरी पोयाचा पयला मान, माह्या सासऱ्यापासून. आमची जोडी तोरणाखालून गेल्याबिगर गावातला दुसरा बैल पुढे पाऊल टाकत नव्हता. मंग एकाले साप चावला, दुसऱ्यानं खाणं सोडलं, अन् याईनं पुन्हा जोडी नाई घेतली. गाव म्हणे मान आता भगवंतकडे गेला. हे म्हणे, काहून? जिनं माहा कापूस वाहिला, जिनं माही बायको बायंतपणाले अकोल्याले नेली, तोच माहा बैल. अन् सासऱ्यानं मिलिटरीच्या लिलावातून आणलेली ही म्हातारी जीप झूल पांघरून तोरणाखाली नेली. पयल्या वर्षी गाव पोट धरून हासलं. दुसऱ्या वर्षी पोट्ट्याईनं तिच्यावर पोयाची गाणी, झडत्या रचल्या. हासले तर हासले, मान राहिला ना? — अन् आदल्या दिवशी तिची खांदेमयन बी करत, खोटं नाई सांगत. जू जिथं घासते तिथं बैलाले तूप-हयद लावतेत ना, तसंच. घरचं तूप, त्यात हयद कालवलेली, पयसाचं पान हाती. म्हणे दुर्गे, बैलाले एक खांदा, हिले चार. चार चाकं, चार खांदे. सारं लावून झालं का बोनेटपाशी वाकून हात जोडत — आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी खिडकीतून पाहत होती मागच्या वर्षी. इतक्या वर्षांचा संसार झाला माहा, पण त्या माणसाच्या हातात पान असलं ना पयसाचं, का मले अजूनबी पाहात राहावं वाटे. — तू काहून आयकून राहिला? चाकाचे नट खोल.

निंघालं चाक? भिंतीले टेकव. नाई नाई, भगवंतभाऊजीची वाट नाई पाहाची आता, टोपी काढ. माहे डोये काई गेले नाईत, मी पाहीन अन् मी सांगीन त्याईले. काढ. ठोक बाजूनं. — हं. काहून थांबला? हट, मले पाहू दे. हे काय, हीच का ती पिन? दोन पायाची? नटाच्या खाचेतून आरपार घालतेत तेच ना — नट फिरू नाई म्हणून? ती तर — ती तर हाय. गंजली, पण हाय जिथल्या तिथं. पाय बी वाकवलेले. ... मंग त्यात काय झालं? पिन घालाची अन् नट ढिल्ला ठेवाचा, असं होत नाई का? होते. नट फिरव. हातानं फिरन तो, पाह्य, हातानं. — नाई फिरत? नाटकं नको करू माह्यापुढे. मोठा पान्हा घे. पाईप घाल त्याच्यात. उभा राय त्याच्यावर, साऱ्या वजनानं. — माय वं! ... केवढा करकरला. एवढा पाईप वाकाले आला तेव्हा कुठी उलीसा हालला. गंजानं धरला असन. गंजच हाय तो, हे टिन गयते इथं, वर्षभराचं पाणी हाय. असा पाहू नको माह्याकडे. मी काई म्हणलं का? काईच नाई म्हणलं.

नट नाई तर दुसरं काई. काईतरी तू केलंच हाय. काहून म्हणून राहिली मी, सांगू? केलं नसतं तर बोलला असता. चढावर असताना मांगून 'कट्' असा आवाज आला, मी पायी होती जीपीच्या संगं, आरतीचं ताट हाती, माह्या कानानं आयकला. इंजिन बोंबलून राहिलं अन् चाकं जागची हालेनात, अन् मंग ती उलटी निंघाली, याईले घेऊन. तू मांगं पयाला गोटा घेऊन, चाकाखाली टाकाले. नाई पोहचला. नाल्यातून याईले खांद्यावर तूच आणलं, तुहा सदरा साऱ्या रक्तानं भरला होता. ते मी नाकारत नाई. पण मंग साऱ्यायनं तुले घेरलं, भगवंतभाऊजी बोलले, मी बोलली — काय काय बोलली ते मलेच याद नाई — विपुलनं हात उगारला, अन् तू? मूग गियून उभा. 'नट टाइट होता' एवढे तीन शब्द नाई निंघाले तुह्या तोंडातून. ज्याच्या पोटात पाप नाई तो असा गप राहीन का रे? — काय? मोठ्यानं बोल, पुटपुटू नको. — तुलेच खात्री नव्हती? घ्या! अंधारात बसवलं म्हणून खात्री नव्हती म्हणते. लाईट गेली होती, मोबाइलचा उजेड दातात धरला होता, अन् ... हो हो, अन् कोणीतरी डोक्यावर उभं राहून घाई करून राहिलं होतं. मीच होती ती. सरय म्हण ना! आवतन देयाची वेय जाऊन राहिली होती, मी नाई घाई करणार तर कोण करन? पण हात कोणाचे होते? तुहे होते.

थांब, आत खाट वाजली. — काई नाई, कूस पालटली त्याईनं. दारातच टाकली खाट, जीप दिसली पायजे म्हणून. तिकडे तोंड केलं का दिवसभर पाहून राहतात तिच्याकडे. वाचा गेली ती गेलीच. डावा हात गेला. उजवा हालते उलीसा. डोक्याले मार होता, अमरावतीचे डॉक्टर म्हणे जगले हेच खूप समजा. बरं, समजली. पण तुले एक सांगते आज, आयक, काळजात भरून ठेव. तुहं नाव ह्या घरात नुसतं निंघू दे — कोणी बी काढो, सून मंजुषा काढो, विपुल काढो — तो उजवा हात थरथरत वर येते अन् ह्या असा आपल्याच खांद्यावर येऊन बसते. इथं. डाव्या खांद्यावर. अन् डोये घयाघया. समजलं? तुहं नाव आयकलं का त्याईचा खांदा ठणकते, इतका तू आत रुतला हायस. फोटो काढला खांद्याचा, दोनदा काढला, डॉक्टर म्हणे हाड साबूत हाय, काई दुखापत नाई. काय समजते डॉक्टरले! मी रोज सांजेले चोयते. घरचं तूप, हयद घालून, कोमट करून. चोयाले लागली का जास्तच रडतात. मान अशी हालवतात — नाई, नाई, नाई. दुखत असन. मी म्हणते सोसा जरा, त्या कुंदनचं वाटोयं होईन एक दिवस. मंग तर हात पुन्हा खांद्यावर.

हे काय करून राहिला? नट काढला तो काढला अन् पुन्हा दोन आटे चढवून ठेवला? काढाची हाय का बसवाची हाय? — हो, हो, आठवते. हब सुटली का गोयीसारखी उडते, तो नट तिले धरते, मागच्या वर्षीबी हेच सांगतलं होतं. लय सांगत होता तेव्हा, तोंडाले कुलूप नव्हतं. मोठा मास्तर लागून गेला. घाल तो पुलर, हब वढाले. ते तीन पाय नीट अडकव, मधला बोल्ट दांड्याच्या टोकावर. हं. फिरव. फिरव ना! — नाई येत. पुन्हा. ठोक हातोड्यानं वरतून. — नाई येत. सुंभ जयला पण पीय नाई गेला, तसंच हाय हे. माह्या घरची वस्तू हाय ती, तुह्यासारख्याच्या हाताले अशी कशी येईन?

तुही मास्तरकी सांगू तुले? ह्याच जागी, मागच्या वर्षी. चाक काढून ठेवलं होतं तू, तेल गयत होतं आतून ब्रेकवर, म्हणून. हब काढली, तो निमुयता दांडा असा चांदीसारखा पुसला, फडक्यानं, मंग कागदानं, मंग पुन्हा फडक्यानं. मी कुंकवाची वाटी घेऊन आली, म्हणलं सणाचा दिवस हाय, एक बोट लावते. अन् तू माह्या अंगावर वरडला! माह्या! ह्या घरच्या पुरणपोया खाऊन मोठा झाला तू, अन् म्हणे — काकू, बोट बी लावू नका, घामाचं बोट बी नाई. हबले धरून ठेवते तो कोरडा दांडा, ती चावी नुसती नावाले — ती बोटाएवढी लोखंडी पट्टी दाखवली मले, खाचेत बसते ती — म्हणे उलीसं तेल लागलं ह्या दांड्याले तर तो हबले सोडते, सारा जोर चावीवर येते, अन् चावी मोडली का इंजिन फिरते, चाक नाई फिरत. आला मोठा! मी फणकाऱ्यानं निंघून गेली आत. मंग तू मूर्तिजापूरले गेला, तेलाची सील आणाले, अन् सणाची दुकानं बंद, दिवे लागणीले आला. — मले अजून राग हाय त्या वरडण्याचा. हे गेले असताना पयसाचं पान आणाले वावरात, म्हणून वाचला तू. त्याईच्या समोर वरडला असता तर त्याईनं तुहा कान धरला असता. धरला नसता म्हणा. तुले कधी हात नाई लावला त्याईनं. विपुलले मारलं, तुले नाई.

आता ते काय? गॅस आणला? आग लावतो का माह्या जीपीले? — तपवाची? फक्त हब? लोखंड तपलं का फुगते म्हणते. बरं, तपव. टिनाले झय नको लागू देऊ. गोल फिरव, एका जागी नको — मी कोणाले सांगून राहिली, तुले तर सारंच येते. तपव. भगवंतभाऊजी येतीनच आता. नट राहू दे, पिन राहू दे, आत काईतरी निंघन तुह्या हातचं. गिऱ्हाइकाले जुना माल घालणारे मिस्त्री मी काई कमी नाई पाहिले. ती चावीच हलकी घातली असशीन. सील आणाले गेला होता का आणखी कशाले, कोण पाहाले आलं होतं? अन् तोच हात पुन्हा त्या चाकाले—

हं? हा वास कायचा? — मंजुषा! मंजुषा वं! तूप कढवाले ठेवलं का? गॅस बारीक कर, करपून राहिलं! ... सून हाय पण लक्ष नाई कुठी, एक काम सांगावं तर मोबाइल. मंजुषा! आयकू येत नाई का? तूप करपलं, साऱ्या आंगणात वास सुटला! — काय म्हणते? चुलीवर काईच नाई? मंग शेजारच्या तानुबाईकडे असन. सणाचा दिवस हाय, कढवत असतीन. नाई पण... तानुबाईचं घर तर तिकडे, अन् वारा इकडून हाय.

तू काहून बंद केला गॅस? कुंदन? काहून बंद केला? — मी इचारून राहिली तुले काई. तुह्या नाकाले बी आला ना वास? ... फिरव तो पुलर. आता फिरव. फिरव म्हणलं ना!

— माय! केवढा दणका! ... निंघाली. थांब, हट. हट तिकडे, मले पाहू दे. ती चावी ना? मधातून मोडली. कापल्यासारखी. अर्धी हबमधी, अर्धी ह्या दांड्याच्या खाचेत. चांगली जाड होती, हलकी नव्हती. अन् तिच्याखाली खाचेत हे पिवयं काय हाय? गंज नाई तो. गंज तांबडा असते. हे तर... नखानं काढ. देय इकडे, माह्या बोटावर. — हयद हाय ही. ही माह्या घरची हयद हाय कुंदन, अन् हे माह्या घरचं तूप, मले वयखू येणार नाई का माह्या हातानं कढवलेलं? कडेले काजयी धरली, पण खाचेत जसंच्या तसं हाय. तुह्याकडे कुठून आलं? तुह्या दुकानात तर—

चार चाकं, चार खांदे.

तीन चाकं होती जाग्यावर. चौथं तू काढून ठेवलं होतं. चौथा खांदा उघडा होता. — मी खिडकीत उभी होती रे. मी पाहिलं. पान बुडवलं त्याईनं, अन् इथं बसले, गुडघे दुखत होते तरी बसले मातीत, अन् ह्या दांड्याले तर सगयात जास्त लावलं, म्हणे इथंच तर सारं ओझं येते बिचाऱ्याले. मंग धोतराच्या सोग्यानं पुसलं उलीसं, सांडू नाई म्हणून. मी हासली खिडकीत. मले त्या घडीले इतकं ... मले तू सांगतलं होतं. घामाचं बोट बी नाई. त्याईले नाई, मले सांगतलं होतं, अन् मी रागात होती तुह्या, मले आठवलंच नाई, मी नुसती पाहत राहिली. अन् तू आला अंधारात, दांडा पुसलेलाच हाय समजून हब बसवली.

वर्षभर खांद्यावर हात ठेवून राहिले ते. अन् मी तूप चोयत राहिली.

— पुस. पुस ते! फाटक वाजलं, भगवंतभाऊजी आले. चिंधी घे, पुस लवकर, कोणाले दिसलं नाई पायजे. त्याईचं नाव नाई निंघालं पायजे कोणाच्या तोंडून, आयकलं का? तू तर वर्षभर गप होता, आता बी गप राय, तुहं काय जाते! तुहं काय... — नाई पुसत? उभा राहशीन असाच? बरं. देय ती चिंधी मले. मीच पुसते. मले काई कोणाची ...

त्याईले वास गेला आत. उठून बसाले पाहून राहिले, पाह्य. हात खांद्यावर. रडून नाई राहिले आज. माह्याकडे बी नाई पाहून राहिले. तुह्याकडे पाहून राहिले.

— तिथंच थांबा भाऊजी! तिथंच, फाटकापाशी, आत नका येऊ. तुमी बी थांबा सारे. तेथूनच आयका. नट टाइट होता. पिन साबूत होती. चावी चांगली होती. मी माह्या डोयानं पाहिलं. ह्या पोट्ट्याची चूक नव्हती. — मंग कोणाची होती? ते मले नका इचारू. माह्या घरची गोठ हाय, घरात राहीन. पण हे गावात सांगा. मारोतीच्या पारावर सांगा, मूर्तिजापूरच्या नाक्यावर सांगा. 'नट ढिल्ला' सांगताना आवाज चढवला होता ना तुमी, तसाच चढवून हे सांगा. — वास? कायचा वास? सून तूप कढवून राहिली. जा तुमी आता. आवतनाची वेय झाली, आपापल्या घरची बैलं पाहा.

अन् तू काहून उभा अजून? माह्या तोंडाकडे नको पाहू, मी काई म्हणणार नाई तुले, मले येत नाई तसं बोलाले. हब मंग बसवशीन. दांडा पुसशीन तसा, चांदीसारखा, मी इथं कोणाले फिरकू नाई देणार. पण आधी आत जाय. खाटेपाशी. — तिकडे कुठी चालला, नयावर? हात नको धू. तसाच जाय, त्या पिवया हातानं. दाखव त्याईले. — जाय म्हणलं ना!